व्हॉल्व्ह दूरचा, व्यवस्था गावाची



सिंचनाचा विषय निघाला की धरण, विहीर आणि पंप यांची चर्चा होते. पाण्याच्या वाटेवरील अखेरचा दुवा मात्र सहसा कोणाच्या स्मरणात राहत नाही. तो दुवा म्हणजे विजेच्या खांबापासून दूर, शिवारात एकाकी उभा असलेला व्हॉल्व्ह. महाराष्ट्रात शेतीपंपांना वर्षानुवर्षे आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, वीज मिळत आली. रात्रीची पाळी म्हणजे साप-विंचवांच्या आणि ऊसपट्ट्यात बिबट्याच्याही भयाने, हातात बॅटरी घेऊन दारे धरायला जाणे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेने अनेक शेतांवर सौरपंप आणले. परंतु पंप दिवसा चालला, तरी एका तुकड्याचे पाणी तोडून दुसऱ्याला देण्यासाठी माणसाला चालत जावेच लागते.

हे काम दुरून, बिनतारी आणि खांबावरच्या विजेविना होऊ शकते. बिनतारी आज्ञा ही कल्पना या भूमीला परकी नाही. १८९० च्या दशकात आचार्य जगदीशचंद्र बसूंनी कोलकात्यात विद्युत्-चुंबकीय लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजवली होती आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती. आज त्याच तत्त्वावर, लोरासारख्या अल्पऊर्जेच्या रेडिओ पद्धतीने, मोकळ्या शिवारात काही किलोमीटरपर्यंत छोटा संदेश पोचतो. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत परवान्याविना वापरता येतो. मोबाईलचा मनोरा जवळ नसला, तरी त्यामुळे अडत नाही.

खरा प्रश्न ऊर्जेचा आहे. साधा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडा राहील तोवर वीज घेत राहतो. तो ५ वॅटचा धरला, तर सहा तासांच्या पाळीला ३० वॅट-तास लागतील. लॅचिंग प्रकारचा सोलेनॉइड मात्र उघडताना एक आणि मिटताना एक असा क्षणिक विद्युत्-झटका घेतो. मधल्या काळात चुंबक त्याला जागी धरून ठेवतो. खर्च सहस्रांशाहूनही कमी. पडदा हलवण्याचे मुख्य काम पाण्याचा दाबच करतो. म्हणून लहानसे सौरपटल आणि एक बॅटरी एवढ्यावर हे यंत्र चालते. रेडिओदेखील बहुतांश वेळ निद्रिस्त असतो. ठरावीक वेळाने जागा होऊन तो आपल्यासाठी निरोप आहे का, हे पाहतो. झोप जितकी दीर्घ, तितकी बॅटरी टिकते, पण आज्ञा तितकी उशिरा पाळली जाते. हा हिशेब पिकाकडे पाहून करायचा असतो.

येथे सावधानता हवी. उघडलेला व्हॉल्व्ह मिटलाच नाही, तर कोणाचे पीक बुडेल आणि कोणाची टाकी रिकामी होईल. म्हणून ‘उघड’ या आज्ञेसोबतच ‘इतक्या मिनिटांनी स्वतः मिट’ ही आज्ञाही जावी. मग मध्येच संपर्क तुटला, तरी अनर्थ होत नाही. मिटण्यापुरती ऊर्जा शिल्लक असेल तरच यंत्राने उघडावे. आज्ञा पोचली म्हणजे पाणी थांबले, असेही मानू नये. पडद्याखाली एखादा खडा अडकला, तरी गळती चालू राहते. त्यासाठी पुढे दाब किंवा प्रवाह मोजणारे साधन हवे, आणि अलीकडे गाळणी. ऊस पुरुषभर वाढला की संदेश क्षीण होतो, त्यामुळे अँटेना पिकाच्या वर असावी. दाब अगदी कमी असलेल्या पाटाच्या पाण्यावर पडद्याचा व्हॉल्व्ह नीट चालत नाही. तेथे छोट्या मोटारीचा बॉल व्हॉल्व्ह लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, हाताने फिरवायची मूठ प्रत्येक व्हॉल्व्हला असलीच पाहिजे.

परंतु यंत्र केवळ आज्ञा पाळते. आज्ञा कोणाची, हा प्रश्न समाजाचा आहे. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत शतकानुशतके शेतकऱ्यांनी स्वतः पाण्याचे नियमन केले. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी, आणि पाळी सर्वांना ठाऊक असे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची उभारणी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला, भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि उसाला मज्जाव झाला. या व्यवस्था यंत्राविना टिकल्या, कारण त्यांच्यामागे परस्परविश्वास होता.

आता कळ एकाच्या हातातील मोबाईलवर आली, तर पाटाच्या टोकाचा शेतकरी विचारेल, ‘माझ्या पाळीचे पाणी कोणी तोडले?’ त्याला उत्तर मिळाले नाही, तर विज्ञानाने जुन्याच अन्यायाला नवे हत्यार दिले असे होईल. उलट, प्रत्येक उघडझापीची नोंद आपोआप होते. ती पाणीवापर संस्थेच्या फलकावर रोज लागली, तर जे भांडण पूर्वी शब्दावर चाले, ते आकड्यावर मिटेल. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मांडलेला अंत्योदय सिंचनात पाहायचा असेल, तर तो पाटाच्या टोकालाच पाहावा लागेल.

पाटकऱ्याचे काय, हाही प्रश्न टाळता येणार नाही. त्याला घरी बसवणारे यंत्र गावाला परवडणारे नाही. कोणत्या वळणावर गाळ साचतो, कोणाचे रान आधी तापते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याच्याच मुलाला या यंत्रांची देखभाल शिकवली, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळू लागले आणि दुरुस्तीसाठी महानगराकडे पाहावे लागले नाही, तर तीच खरी स्वदेशी. ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागात एखादी पाणीवापर संस्था निवडून, तिच्या टोकाच्या शेतापासून चार-पाच व्हॉल्व्हनी आरंभ करावा. एक हंगाम नोंदी ठेवाव्यात, त्या गावासमोर वाचाव्यात, आणि पुढचा व्हॉल्व्ह कोठे बसवायचा हे गावालाच ठरवू द्यावे.