देहाची संवय आणि मनाचा धीर
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं तरुण मंडळींस चार शब्द सांगावे, असें चालकांनीं आम्हांस सुचविलें. आत्मविश्वास कमवावा कसा आणि टिकवावा कसा, हा विषय आम्ही निवडला आहे. आमचें उत्तर ऐकून तें व्यासपीठापेक्षां आखाड्यासच अधिक शोभलें असतें, असें कदाचित् आपणांस वाटेल.

आपल्यांतील कित्येक मुलें-मुली अभ्यासांत हुशार आहेत. परंतु चारचौघांत उभें राहून वाचावयास सांगितलें कीं मान खालीं जाते व आवाज घशांत अडकतो. मुलाखतीस गेलेला पदवीधर उत्तर ठाऊक असूनही गप्प बसतो आणि हातची नोकरी जाते. अशांस वडील माणसें सांगतात, "भिऊं नकोस, धीर धर." उपदेश चांगला आहे, पण तेवढ्यानें धीर येत नाहीं.

तो कां येत नाहीं, याचें उत्तर आल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनीं १९७७ सालीं मांडलेल्या विचारांत सांपडतें. आपल्या सामर्थ्यावरील विश्वास चार मार्गांनीं येतो, असें त्यांनीं सांगितलें: स्वतः पार पाडलेलें काम, आपल्यासारख्या दुसऱ्यानें तें करितांना पाहणें, लोकांचें प्रोत्साहन, आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यांत पहिला मार्ग सर्वांत बळकट होय. तात्पर्य, आत्मविश्वास ही कानांनीं ऐकून घ्यावयाची वस्तु नसून हातापायांनीं कमवावयाची वस्तु आहे.

शरीराची संवय येथें फार उपयोगी पडते. कारण तिचा हिशेब चोख असतो. आज वीस बैठका काढल्या किंवा नाहीं काढल्या, यांत वाद संभवत नाहीं. स्वतःस दिलेला शब्द रोज पाळणारा मनुष्य हळूहळू स्वतःच्या शब्दावर विसंबूं लागतो. शिवाय भीति प्रथम देहांतच प्रकट होते: श्वास आखूड होतो, छाती धडधडते. जो रोज टेकडी चढतो त्यास ही धडधड परिचयाची असते. तिला तो संकट समजत नाहीं. श्वास सावकाश व लांब सोडिला असतां हृदयाची गतिही मंदावते, हें कोणासही करून पाहतां येईल.

जवळची वाट मात्र फसवी असते. दोन मिनिटें हातपाय पसरून ऐटीत उभें राहिल्यास शरीरांतील रस पालटतात व मनुष्य धीट होतो, असें कांहीं संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलें. पुढें २०१५ सालीं दोनशें माणसांवर तोच प्रयोग झाला, तेव्हां क्षणभर बळ आल्यासारखें वाटतें एवढेंच आढळलें; रसांत वा वर्तनांत फरक दिसला नाहीं.

टिकाऊ धीराचें उदाहरण पाहावयाचें तर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव आठवावे. तांबड्या मातींत वाढलेले हे मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें प्रथमच गादीवर उतरले आणि सहावे आले. नंतरचीं चार वर्षें त्यांनीं मेहनत केली व १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय.

आपणांस पदकें मिळवावयाचीं नाहींत. पण रीत तीच आहे. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्या कामाची भीति, त्याच कामाची संवय करावी. नुसत्या बैठकांनीं कोणी वक्ता होत नाहीं. वाचनास भिणाऱ्यानें रोज पांच मिनिटें ताठ उभें राहून, दूरच्या भिंतीस ऐकूं जाईल अशा आवाजांत वाचावें.

वडील मंडळींसही हें लागू आहे. पडण्याच्या भीतीनें चालणें सोडिलें कीं पाय दुबळे होतात, आणि दुबळे पाय अधिक पाडतात. म्हणून पासष्ट वर्षांवरील माणसांनीं आठवड्यांतून तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद वाढविणारा व्यायाम करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सुचविलें आहे. अर्थात् तो आपल्या प्रकृतीस झेपेल तेवढाच, व लागल्यास कोणाच्या आधारानें करावा.

संवय जडण्यास किती दिवस लागतात? लंडनमध्यें ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत साधारणतः ६६ दिवस लागल्याचें आढळलें. परंतु कोणास १८ पुरले, तर कोणास २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडलें नाहीं, हेंही त्यांत दिसलें. तेव्हां शेजाऱ्याशीं तुलना करूं नये, आणि एक दिवस चुकला म्हणून व्रत मोडूं नये.

या ज्युबिलीची आठवण म्हणून आपण प्रत्येकानें एकच लहान संवय निवडावी, तिची वेळ व जागा ठरवावी, आणि उद्यां सकाळीं तोंड धुतल्याबरोबर तिला आरंभ करावा. पुढच्या सभेंत वाचावयास कोण येतें, असें आम्ही विचारूं तेव्हां मागच्या बांकांवरूनही हात वर यावे, एवढीच आमची इच्छा आहे.