थॅलसेमियाग्रस्त बालकाचे घर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रक्तदान शिबिर हा आपल्या संस्थांच्या कार्यक्रमपत्रिकेतील नित्याचा भाग आहे. शिबिरात किती पिशव्या जमा झाल्या, हा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो आणि तो वाचून सर्वांना समाधान वाटते. मात्र त्यांपैकी एखादी पिशवी ज्या दोन-अडीच वर्षांच्या बालकाच्या अंगात जाते, त्याच्या घरी कोणता संसार चालला आहे, हे ऐकण्याचा योग क्वचितच येतो. आजचे विवेचन त्या घराविषयी आहे.

थॅलसेमिया मेजर असलेले मूल जन्मतः निरोगी दिसते. गर्भावस्थेत बाळाच्या रक्तात निराळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर काही महिने तेच त्याला पुरते. बारसे थाटात होते, बाळ हसते, कूस पालटते. सहाव्या महिन्याच्या सुमारास जुने हिमोग्लोबिन ओसरते. त्याची जागा घेणारे नवे हिमोग्लोबिन या मुलाच्या शरीरास बनविताच येत नाही, कारण त्यातील बीटा नावाची साखळी तयार करण्याची सूचना आई आणि वडील अशा दोघांकडूनही सदोष आलेली असते. मग बाळ फिकट दिसू लागते, दूध पिताना दमते, त्याचे वजन थबकते आणि प्लीहा वाढल्याने पोट पुढे येते. घरात प्रथम दृष्ट काढली जाते. त्यानंतर जवळच्या दवाखान्यातून लोहाचे टॉनिक येते. आपल्याकडे लहान मुलांचा अशक्तपणा बहुधा लोहाच्या कमतरतेचाच असतो, त्यामुळे ही समजूत स्वाभाविक आहे. पण या बालकाच्या शरीरात लोहाची उणीव मुळीच नसते आणि टॉनिकच्या दोन-तीन बाटल्या संपल्या तरी गालावर रंग चढत नाही. अखेरीस मोठ्या रुग्णालयात हिमोग्लोबिनची विशेष चाचणी होते आणि कोणीही पूर्वी न ऐकलेला एक शब्द कागदावर लिहून हाती दिला जातो.

हा शब्द ग्रीक भाषेतील ‘समुद्र’ या अर्थाच्या शब्दावरून आला. १९२५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथील बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी या आजाराचे वर्णन केले. आरंभीचे रुग्ण बहुतांशी भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांतून आलेल्या कुटुंबांतील असल्याने पुढे हे नाव रूढ झाले. नाव परके असले तरी आजार परका नाही. भारतात शंभरांतील सुमारे तीन ते चार माणसे या दोषाची वाहक असतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण अधिक आढळते. परंतु आमच्यात हे नाही, असे छातीठोकपणे सांगू शकेल असा समाज नाही.

निदान झाल्यावर घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो उपचारांचा नव्हे. ‘हे कोणाकडून आले?’ हा तो प्रश्न. आपल्या कुटुंबव्यवस्थेत त्याचे उत्तर बहुधा तयारच असते आणि ते सुनेच्या माहेराकडे बोट दाखविते. शास्त्राचे उत्तर मात्र निःसंदिग्ध आहे. एकट्या आईकडून किंवा एकट्या वडिलांकडून हा आजार येऊच शकत नाही. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. येथे ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप, असा हिशेब काही घरांत मांडला जातो. तो साफ चुकीचा आहे. दर खेपेस फासा नव्याने पडतो. हे एवढे सासू-सासऱ्यांना डॉक्टरांनी समोर बसवून समजावून सांगितले, तर त्या माउलीच्या डोक्यावरील निम्मे ओझे उतरते. सल्ल्यासाठी केवळ आईला एकटीला पाठविण्याची प्रथा म्हणूनच घातक आहे.

मग सुरू होते ते तीन आठवड्यांचे पंचांग. बालकाचे हिमोग्लोबिन साधारण साडेनऊच्या खाली जाऊ द्यायचे नाही, यासाठी दर दोन ते चार आठवड्यांनी तांबड्या पेशी द्याव्या लागतात. तीन आठवड्यांचा हिशेब धरला तर वर्षाकाठी सतरा वेळा. या घरातील सणवार, प्रवास, पाहुण्यांचे येणे-जाणे, वडिलांच्या रजा, सारे त्या तारखेभोवती बेतले जाते. तारीख जवळ आली की आई सांगते, ‘आता उतरायला लागलंय.’ तिला तपासणीचा कागद लागत नाही. मूल खेळता खेळता बसून राहते, जेवताना चिडते, कडेवरून खाली उतरायला तयार होत नाही, यावरून तिला ते समजते. आदल्या दिवशी रक्ताचा नमुना जुळविण्यासाठी द्यावयाचा, दुसऱ्या दिवशी सकाळी डबा, दुधाची बाटली, चादर आणि एखादे खेळणे घेऊन डे-केअर केंद्र गाठावयाचे. खरा कसोटीचा क्षण शीर शोधण्याचा. दीड-दोन वर्षांच्या मुलाचा हात गुबगुबीत, शीर खोल आणि पूर्वीच्या टोचण्यांनी अवघड झालेली. परिचारिका हात चोळून ऊब देते, वडील पाय धरतात, आई तोंडाशी तोंड नेऊन काहीबाही बोलत राहते. एका टोचण्यात शीर मिळाली तर तो दिवस शुभ. पुढील तीन-चार तास रक्त थेंबाथेंबाने जात असते आणि हात हलणार नाही हे पाहणे हे एकच काम आईला असते. दुपारी ते मूल उठून बसते, ओठांवर रंग आलेला असतो, खायला मागते. संध्याकाळी अंगणात धावणाऱ्या त्या बाळाकडे पाहून शेजारीण म्हणते, ‘याला कुठं काय झालंय?’ ती चांगल्या मनानेच बोलते. पण ऐकणारीला पुढची तारीख आठवत असते.

रक्ताने मूल जगते, आणि त्याच रक्तातून दुसरे संकट घरात येते. तांबड्या पेशींच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. मोठ्या माणसाच्या शरीरातून दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. म्हणजे एका पिशवीतील लोह उत्सर्जित करावयास धडधाकट माणसालाही सुमारे सात-आठ महिने लागतील, आणि येथे तर दर तीन आठवड्यांनी भर पडते आहे. हे साचलेले लोह यकृतात, हृदयात आणि वाढीच्या ग्रंथींमध्ये बसते. पूर्वी या आजाराची मुले पुष्कळदा वयाच्या दुसऱ्या दशकात हृदय थकून जात, ती यामुळेच. सर्वसाधारणपणे दहा-वीस वेळा रक्त दिल्यानंतर, म्हणजे दोन वर्षांच्या आसपास, लोह बाहेर काढणारे औषध सुरू करावे लागते.

या औषधाचा इतिहास म्हणजे अशा घरांच्या रात्रींचा इतिहास होय. अनेक वर्षे डेस्फेरिऑक्सामिन हे एकमेव औषध होते. ते पोटावर किंवा मांडीवर कातडीखाली सुई टोचून, लहानशा पंपाद्वारे आठ ते बारा तास द्यावे लागे, आणि तेही आठवड्यातील पाच-सहा रात्री. इस्पितळातील टोचणे परिचारिकेच्या हातून होते. हे टोचणे मात्र आईने वा वडिलांनी आपल्या हाताने, घरातल्या अंथरुणावर करावयाचे. ज्या कुशीत मूल झोपावयास येते त्याच कुशीतून सुई निघते, हे त्या वयाच्या मुलाला कसे समजावणार? कित्येक घरांत औषध परवडत असूनही पंप कपाटात राहिला, त्याचे कारण हेच असावे. त्याला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे, न्याय्य नाही. पुढे डेफेरिप्रोन ही गोळी आली. तिला परवानगी देणारा पहिला देश भारत होता. ती घेताना पांढऱ्या पेशींची वारंवार तपासणी करावी लागते. २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदा, पाण्यात विरघळवून देता येते, आणि आज लहान मुलांना बहुधा तेच दिले जाते. सुई टळली, हा मोठाच दिलासा. तरीही उपाशीपोटी रोज तो गढूळ घोट अडीच वर्षांच्या मुलाच्या घशाखाली उतरविणे, त्याने थुंकला तर किती पोटात गेला याचा अंदाज बांधणे, ही सकाळची लढाई उरतेच.

स्वयंपाकघरातही या आजाराने उलटे नियम आणलेले असतात. भेटायला येणारा प्रत्येक जण रक्त वाढविण्याचा उपाय घेऊन येतो. कोणी बीट सुचवितो, कोणी खजूर, कोणी लोखंडी कढईतली भाजी, कोणी गावाकडच्या वैद्याची पुडी. आजीने नातवासाठी प्रेमाने केलेला गूळ-शेंगदाण्याचा लाडू नाकारणे सुनेला जड जाते. वास्तविक अन्नातून येणाऱ्या लोहापेक्षा पिशवीतून येणारे लोह कितीतरी अधिक असते, तेव्हा एखाद्या लाडवावरून घरात महाभारत घडविण्याचे कारण नाही. लोहाचे टॉनिक आणि अनोळखी पुड्या मात्र कटाक्षाने दूर ठेवल्या पाहिजेत. आजीला हे एकदा पटले की तीच सर्वांत कडक पहारेकरी होते, असा अनुभव केंद्रांतील परिचारिका सांगतात.

आणखी एका बालकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते म्हणजे मोठे भावंड. तारखेच्या दिवशी त्याला शेजारी सोडले जाते, त्याची गॅदरिंग हुकते, आणि आजारी धाकट्याचे हट्ट पुरविले जाताना ते गप्प राहावयास शिकते. शिवाय अस्थिमज्जा-रोपणासाठी प्रथम त्याचेच रक्त जुळवून पाहिले जाते. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक. जुळली, आणि लोहाने यकृत बिघडण्यापूर्वी लहान वयातच रोपण झाले, तर बहुसंख्य मुले या चक्रातून कायमची सुटू शकतात. नाही जुळली, तर त्या सात-आठ वर्षांच्या मुलाला आपलेच काही चुकले असे वाटू नये, याची काळजी कोण घेतो? खर्चाच्या बाजूने पूर्वीची निराशा आज काहीशी कमी झाली आहे. कोल इंडियाच्या साहाय्याने २०१७ साली सुरू झालेल्या थॅलसेमिया बाल सेवा योजनेतून पात्र बालकांच्या रोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत दिली जाते, आणि बोरिवली येथे मुंबई महानगरपालिकेचे या कार्यासाठी उभारलेले केंद्र आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये थॅलसेमियाचा समावेश झाला, हेही पालकांना ठाऊक असावयास हवे. जनुक-उपचारांच्या बातम्यांची कात्रणे नातलग आवर्जून आणून देतात. २०२३ साली ब्रिटनने अशा एका उपचारास मान्यता दिली खरी, परंतु ती बारा वर्षांवरील रुग्णांसाठी होती.

पैशाहून अवघड आहे ते लपविणे. आत्याचे लग्न ठरावयाचे आहे, काका अविवाहित आहे, म्हणून बालकाचा आजार बाहेर कळू द्यायचा नाही, असा अलिखित ठराव घरात होतो. मग केंद्रावर जाताना ‘लसीकरणाला चाललो’ असे सांगितले जाते, आणि मदतीचा जो हात सहज मिळाला असता तोही दुरावतो. गंमत अशी की तपासणीची खरी गरज त्या आत्यालाच असते. वाहक व्यक्ती पूर्णतः निरोगी असते, तिला कोणताही उपचार लागत नाही, आणि वाहक नसलेल्या जोडीदाराशी तिचा विवाह झाल्यास मेजर आजाराचे मूल जन्मत नाही. टाळावयाची असते ती दोन वाहकांची अजाण गाठ. सायप्रस बेटावर सातांपैकी सुमारे एक माणूस वाहक आहे. तरीही विवाहपूर्व तपासणी आणि समुपदेशनामुळे तेथे असे नवे बालक जन्मणे अगदी विरळा झाले. आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या परिचयपत्रकात उंची, वर्ण, मामाचे घराणे, मंगळ यांसाठी रकाने असतात. हिमोग्लोबिन ए-टू या आयुष्यात एकदाच करावयाच्या चाचणीसाठी मात्र रकाना आढळत नाही. ज्यांची पहिली संधी हुकली त्या दांपत्यापुढे दुसऱ्या गर्भारपणी, दहा-बारा आठवड्यांच्या तपासणीनंतर, जो प्रश्न उभा राहतो तो धर्मसंकटाचाच असतो. बाहेरून त्यावर निवाडा देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु लग्नापूर्वीची एक चाचणी त्यांना तेथवर येऊच देत नाही, हे सांगण्याचा अधिकार समाजाला निश्चित आहे.

आता पुन्हा पिशव्यांच्या आकड्याकडे वळू. साठविलेल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. थॅलसेमियाच्या मुलांना तर शक्यतो दोन आठवड्यांच्या आतील रक्त देणे इष्ट मानतात. जयंतीच्या एकाच दिवशी पाचशे पिशव्या जमा झाल्या, तर त्यांतील एकही पिशवी तिसऱ्या महिन्यात या बालकाच्या उपयोगी पडत नाही. मे महिन्यात महाविद्यालये बंद, दाते गावी. दिवाळीतही तीच अवस्था. तारीख मात्र सुट्टीवर जात नाही. अशा वेळी वडील कार्यालय सोडून एका रक्तपेढीतून दुसऱ्या रक्तपेढीत फिरतात आणि तारीख चार दिवस पुढे गेली की मूल अंथरुणाला खिळते. उपाय साधा आहे. निरोगी पुरुषास दर तीन महिन्यांनी आणि स्त्रीस दर चार महिन्यांनी रक्तदान करता येते. पाच पुरुष दात्यांनी वर्षभर आपापल्या पाळ्या सांभाळल्या, तर वीस पिशव्या होतात आणि एका लहान बालकाचे वर्ष निभते. ट्रस्टच्या सभासदांच्या यादीतून असे पाच-पाच जणांचे गट पाडावेत, प्रत्येकाची पाळी रक्तपेढीशी बोलून ठरवावी, आणि मे महिन्याच्या पाळ्या जे उन्हाळ्यात गावी जात नाहीत त्यांच्याकडे द्याव्यात. याला मंडप लागत नाही. लागते ती एक वही, आणि आदल्या दिवशी दात्याला दूरध्वनी करणारा एक माणूस.