पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात का जातो?

हेडफोन लावले असतील तर छानच, आणि हाताशी कागद-पेन असेल तर आणखी छान. आज आपण एकच प्रश्न घेऊया. नववीपासून अकरावीपर्यंत जवळपास प्रत्येक वर्गात कुणाला तरी हा प्रश्न पडतो. आणि बऱ्याचदा उत्तर मिळतं, "तसंच असतं, पाठ कर."

प्रश्न असा. अणूच्या केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉनची कवचं असतात, के, एल, एम, एन. कुठल्या कवचात जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन मावतात, याचं सूत्र आपण शिकतो. कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करा आणि दुप्पट करा. म्हणजे पहिल्यात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८, चौथ्यात ३२. बरोबर?

आता पोटॅशियम घ्या. अणुअंक १९, म्हणजे इलेक्ट्रॉन १९. पहिल्यात २ गेले, दुसऱ्यात ८ गेले, उरले ९. तिसऱ्या कवचात तर १८ मावतात. मग उत्तर २, ८, ९ यायला हवं ना? पण पुस्तकात असतं २, ८, ८, १. परीक्षेत २, ८, ९ लिहिलंत तर मार्क गेले.

ज्याने २, ८, ९ लिहिलं, त्याने सूत्र नीट वापरलेलं असतं. तो विचार करत असतो. अशा मुलाला "पाठ कर" म्हटलं की त्याला वाटतं, केमिस्ट्री म्हणजे नुसते नियम आणि अपवाद, आपलं काम नाही. म्हणून आज याचं खरं उत्तर बघूया.

आधी हे बघू की २, ८, ८, १ हे कळलं कसं. अणूच्या आत डोकावून कुणी इलेक्ट्रॉन मोजले नाहीत. पण एकेक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते, हे मोजता येतं. तिला आयनीकरण ऊर्जा म्हणतात. पोटॅशियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला दर मोलला साधारण ४१९ किलोज्यूल लागतात. आणि दुसरा काढायला? ३०५२! सातपटीहून जास्त. म्हणजे पहिला इलेक्ट्रॉन बाहेर एकटाच, सैल बसला होता. त्यानंतरचे आठ काढताना ऊर्जा वाढत जाते, पण टप्प्याटप्प्याने. नववा काढायला सुमारे १७ हजार लागतात, आणि दहाव्याला एकदम ४८ हजारांच्या पुढे. म्हणजे बाहेरून मोजलं तर आधी १, मग ८, आणि मग आणखी आतलं कवच. म्हणजे ही मांडणी मोजमापातून समोर येते. कुणी मनाने ठरवलेली नाही.

आता कारण. कवचाच्या आतही छोटे भाग असतात, त्यांना उपकवच म्हणतात. त्यांची नावं एस, पी, डी, एफ. एसमध्ये २ इलेक्ट्रॉन मावतात, पीमध्ये ६, डीमध्ये १०. तिसऱ्या कवचात एस, पी आणि डी तिन्ही आहेत. २ अधिक ६ अधिक १०, झाले १८. सूत्र अगदी बरोबर आहे. पण ते सांगतं, जागा किती. आधी कुठली जागा भरणार, हे ते सांगत नाही.

एसटी डोळ्यांसमोर आणा. समजा तिसऱ्या रांगेतल्या काही सीट बरोबर चाकावर आहेत. पाय ठेवायला जागा नाही, धक्के बसतात. तुम्ही गाडीत चढलात तर काय कराल? त्या सोडून चौथ्या रांगेतली बरी सीट पकडाल. तिसऱ्या रांगेत जागा आहे, पण तुम्ही तिथे बसत नाही. पोटॅशियममध्ये तिसऱ्या कवचाचा डी म्हणजे ती चाकावरची सीट, आणि चौथ्या कवचाचा एस म्हणजे मागची बरी सीट.

अर्थात इलेक्ट्रॉनला आवडनिवड नसते. तिथे प्रश्न ऊर्जेचा असतो. एसमधला इलेक्ट्रॉन काही प्रमाणात थेट केंद्रकाजवळपर्यंत पोचतो, त्यामुळे त्याला केंद्रकाची ओढ जास्त मिळते. डीमधला तितका जवळ जात नाही. मधले इलेक्ट्रॉन त्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये पडद्यासारखे येतात. म्हणून पोटॅशियममध्ये चौथ्या कवचाच्या एसची ऊर्जा तिसऱ्याच्या डीपेक्षा कमी पडते. आणि कमी ऊर्जेची जागा आधी भरते.

हायड्रोजनमध्ये ही भानगडच नाही. तिथे इलेक्ट्रॉन एकच, पडदा कुणाचा येणार? नील्स बोर यांनी १९१३ मध्ये मांडलेलं मॉडेल हायड्रोजनला छान लागू पडतं, ते याच एकट्या इलेक्ट्रॉनमुळे. इलेक्ट्रॉनची गर्दी झाली की नुसती गोल कवचं पुरत नाहीत.

मग तिसऱ्या कवचातल्या त्या दहा जागा रिकाम्याच राहतात का? नाही. विसावं कॅल्शियम २, ८, ८, २. चौथा एस भरला. आता एकविसावं स्कँडियम बघा, २, ८, ९, २. तिसऱ्या कवचात नववा इलेक्ट्रॉन आला! तिथून पुढे ते भरत जातं आणि तिसाव्या जस्तापर्यंत २, ८, १८, २ होतं. मधे क्रोमियम आणि तांबं थोडी वेगळी वाट धरतात, पण शेवटी १८ चा आकडा पूर्ण होतोच.

आणि एक गंमत. लोखंडाची मांडणी २, ८, १४, २. लोखंड इलेक्ट्रॉन देतं तेव्हा आधी कुठले जातात? चौथ्या कवचातले. जे आधी भरले, तेच आधी उतरले. कारण डीमध्ये इलेक्ट्रॉन आले की ऊर्जेचं गणितही बदलतं. भरण्याचा आणि निघण्याचा क्रम एकमेकांच्या उलट असेलच असं नाही, हे अकरावी-बारावीत फार उपयोगी पडतं.

या एका इलेक्ट्रॉनने काय फरक पडतो? खूप. लिथियम २, १. सोडियम २, ८, १. पोटॅशियम २, ८, ८, १. बाहेर एकेकच इलेक्ट्रॉन, म्हणून तिघे एका कुटुंबात. सोडियम, पोटॅशियम सुरीने कापता येतात, रॉकेलमध्ये ठेवावे लागतात, पाण्यात टाकले तर भडकतात. तोच सैल इलेक्ट्रॉन दिल्यावर पोटॅशियमचा शांत आयन उरतो. शहाळ्यात, केळ्यात आणि तुमच्या प्रत्येक पेशीत आहे तो हाच.

तर पुढच्या वेळी कुणी तुम्हाला विचारलं, "२, ८, ९ का नाही?" तर हसू नका. म्हणा, जागा आहे, पण पाळी अजून आली नाही.

जाता जाता गृहपाठ. रुबिडियमचा अणुअंक ३७. त्याची मांडणी लिहा, आणि शेवटचा इलेक्ट्रॉन कुठे बसला ते बघा. भेटूया पुढच्या भागात!