मल्ल कोणत्या जिल्ह्याचा ?

नातेपुते हें गांव माळशिरस तालुक्याच्या पश्चिम टोंकास, पुण्याहून पंढरपुरास जाणाऱ्या वाटेवर वसलेलें आहे. धर्मपुरीपाशीं सातारा जिल्हा संपतो व सोलापूर जिल्हा लागतो. आषाढांत माउलींची पालखी याच वाटेनें येऊन नातेपुत्यास मुक्काम करते. उत्तरेस नीरा ओलांडली कीं पुणें जिल्हा. अशा तिठ्यावरच्या गांवांत कुस्तीचा विषय निघाला म्हणजे सर्वांचा एकमुखी अभिमान दिसणें शक्यच नसतें. एकाची सोयरीक फलटणकडे, दुसऱ्याचें आजोळ इंदापुरास, तिसऱ्याचा मुलगा कोल्हापुरास तालमींत. आणि तिघांचाहि चहा एकाच दुकानांत. तेथें जो वाद रंगतो तो आज महाराष्ट्रांतील कोणत्याहि कुस्तीशौकिनाच्या ओळखीचा आहे: थोर मल्ल कोणता, आणि तो कोणाचा ?

कोल्हापूरचा पक्ष घेणारा प्रथम बोलतो, कारण त्यास शोध करावा लागत नाहीं. शाहू महाराजांनीं मल्लांस राजाश्रय दिला, उत्तरेकडील नामांकित पहिलवान आणून आपल्या पोरांसमोर उभे केले, आणि १९१२ सालीं खासबागेचें मैदान बांधून पुरें झालें. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी हीं नांवें त्यानें उच्चारलीं कीं समोरचा क्षणभर गप्प बसतो. १९५९ सालीं पहिला हिंदकेसरी झालेला श्रीपती खंचनाळे शाहूपुरी तालमींतच घडला. पण तो मूळचा एकसंब्याचा, म्हणजे बेळगांव जिल्ह्यांतला. जन्मला तेव्हां तें गांव मुंबई इलाख्यांत होतें, आज तें कर्नाटकांत आहे. मग त्याची गदा कोणत्या राज्याच्या खात्यावर मांडावयाची ?

सातारकराचा हुकमी पत्ता म्हणजे खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावा आला व १९५२ सालीं हेलसिंकीस त्यानें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें हें पहिलें पदक. त्यानंतरच्या पदकासाठीं १९९६ सालापर्यंत वाट पाहावी लागली. यावर कोल्हापूरकराचें उत्तर तयार असतें. खाशाबा शिकला राजाराम कॉलेजांत, आणि हेलसिंकीच्या प्रवासास पैसा पुरेना तेव्हां प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली हें सातारकर सांगतो. मग कोल्हापुरांत कुस्त्या करून खाशाबानें तें कर्ज फेडलें हें कोल्हापूरकर सांगतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोणी तिसरा मध्येंच म्हणतो, “अवो, त्यो हलक्या वजनाचा गडी; जड गड्याम्होरं टिकला असता व्हय ?” या आक्षेपांत फारसा अर्थ नाहीं. वजनाच्या गटांतली कुस्ती त्या त्या गटांतच तोलावयाची असते. परंतु आपल्याकडे भारी देहाच्या मल्लालाच पहिलवान म्हणण्याची खोड जुनी आहे, आणि खाशाबाच्या वांट्यास हयातींत जी उपेक्षा आली तिचें एक कारण ही खोडहि असावी.

सोलापूरकर तोंवर थांबलेला असतो. त्याचें भांडवल महाराष्ट्रकेसरीच्या यादींत आहे. ही स्पर्धा १९६१ सालीं सुरू झाली. पुढें दक्षिण सोलापुरांतील बोरामणीच्या एका शेख घराण्यानें ती गदा तीन वेळां घरीं आणली: १९८० सालीं इस्माईल, १९९२ सालीं आप्पालाल आणि २००२ सालीं मुन्नालाल. एका आडवळणाच्या गांवांत एकाच घरीं तीन गदा, असा दाखला इतर जिल्ह्यांनीं खुशाल शोधून पाहावा. २०१८ चा विजेता बाला रफिक शेख उतरला बुलढाण्याकडून, पण मूळचा करमाळ्याकडचा. त्यावरूनहि दोन कप चहा जास्त होतात.

खरी गंमत सांगलीच्या दोन मल्लांची. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत कवठेपिरानच्या मारुती मान्यानें फ्रीस्टाईलमध्यें सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्यें रौप्य घेतलें; पुनवतच्या गणपत आंदळकरानें ग्रीको-रोमनमध्यें सुवर्ण व फ्रीस्टाईलमध्यें रौप्य घेतलें. वजनगट वेगळे, मिळकत तंतोतंत सारखी. दोघांत मोठा कोण हें ठरविण्यास नियतीनें जागाच ठेवली नाहीं. आंदळकर सांगलीचा असें कोणी म्हणालें कीं सातारकर उसळतो. कारण पुनवत शिराळा तालुक्यांत, आणि आंदळकर जन्मला तेव्हां तो तालुका सातारा जिल्ह्यांतच होता. दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला १९४९ सालीं, त्यास सांगली हें नांव मिळालें १९६० सालीं. मोतीबागेंत तो घडला म्हणून कोल्हापूरकराचा हक्क वेगळाच. ज्या सीमांसाठीं एवढा घसा कोरडा होतो, त्या सीमा पुष्कळ मल्लांहून वयानें लहान आहेत.

येथवरचा वाद करमणुकीचा. परंतु १४ जानेवारी २०२३ रोजीं पुण्यांत जें झालें त्यानें त्याला कडवट चव आली. माती विभागांत मोहोळचा सिकंदर शेख व मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड, दोघेहि सोलापूर जिल्ह्याचेच, समोरासमोर आले. महेंद्रानें बाहेरची टांग लावली व पंचांनीं त्यास चार गुण दिले. उभ्या कुस्तींतून टाकलेला गडी सरळ पाठीच्या बाजूनें धोक्याच्या स्थितींत गेला तर चार, नुसता खालीं आला तर दोन, असा हा हिशेब. सिकंदरची पाठ त्या क्षणीं किती वळली होती, यावर गांवोगांव रात्री जागल्या. चित्रफीत थांबवून, मागें नेऊन, पुन्हां पुन्हां पाहण्यांत आली. येथें जिल्हा उपयोगी पडेना, म्हणून तालुके उभे राहिले. आणि पंचास धमकी दिल्याचें प्रकरण पोलिसांपर्यंत गेलें.

जुन्या मातींतल्या कुस्तीस हा हिशेब नव्हता. पाठ लागली कीं हलगी थांबे व फेटे उडत. न लागली तर बरोबरी. गुणांची पद्धत वाईट नाहीं, तिच्याशिवाय आमचा मल्ल जगांत उभाच राहणार नाहीं. मात्र डोळ्यांनीं दिसणाऱ्या निकालाची संवय असलेल्या प्रेक्षकाला पंचाच्या बोटांवर विश्वास ठेवणें जड जातें. सिकंदरानें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत फुलगांवच्या मैदानांत शिवराज राक्षेस पाहतां पाहतां चीत करून गदा मिळविली, तेव्हां त्याच्या पक्षाला उत्तर मिळालें. तें गुणांनीं मिळालें असतें तर कदाचित् पुरलें नसतें. २०२५ च्या फेब्रुवारींत अहिल्यानगरला पाठ टेकली कीं नाहीं यावरूनच एका नामांकित मल्लानें पंचास लाथ मारली. त्यास, व अंतिम कुस्ती अर्धवट टाकणाऱ्या दुसऱ्यास, तीन तीन वर्षांची बंदी झाली. प्रेक्षकांचा संताप हौद्यांत उतरतो तो असा.

या गप्पांचा एक परिणाम मात्र दुकानाबाहेर पडतो. यात्रेच्या मैदानांत कोणत्या जोडी लावावयाच्या व कोणत्या कुस्तीस किती इनाम, हें यात्रा कमिटी ठरविते, आणि कमिटीची माणसें याच बाकांवर बसलेलीं असतात. ज्याचें नांव चार तोंडीं चढलें त्याची कुस्ती शेवटची व मोठ्या रकमेची; ज्याविषयीं कोणी भांडलें नाहीं तो दुपारच्या उन्हांत नारळावर लढतो. दूध, तूप, बदाम यांचा खुराक त्या रकमेंतूनच चालतो. म्हणून यादी करावयाच्या दिवशीं तालमीचा वस्ताद, दोन्ही कान कुस्तींत फुटून गड्डे झालेला म्हातारा, मुद्दाम दुकानांत येऊन बसतो. खाशाबा, आंदळकर, सिकंदर सर्वांचें ऐकून घेतो, आणि चहाचा पेला खालीं ठेवून एवढेंच म्हणतो, “आण्णा, आमच्या पोराचं बी नांव काढा कीं कुणीतरी.”