फोर्टातल्या वर्ग नसलेल्या विद्यापीठाची गोष्ट



माझी ओळख करून देताना तुमच्या सांस्कृतिक सचिवानं ‘मुंबई विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी’ असं म्हटलं आणि मागच्या रांगेतून आवाज आला, ‘मॅडम, रिझल्ट कधी लागणार?’ प्रश्न रास्त आहे, माणूस मात्र चुकीचा गाठलात! तुमच्या लेखी विद्यापीठ म्हणजे हॉल तिकीट, एटीकेटी आणि फेरतपासणीचा अर्ज. त्यात तुमचं काही चुकत नाही. मुंबई विद्यापीठ जन्माला आलं तेच मुळी परीक्षा घेणारं खातं म्हणून.

साल १८५७. तिकडे उत्तरेत उठाव पेटलेला होता आणि इकडे १८ जुलैला मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. स्वतःचा एकही वर्ग नाही, फळा नाही, प्राध्यापक नाही. शिकवायचं ते एल्फिन्स्टन, ग्रँट मेडिकल अशा कॉलेजांनी. विद्यापीठानं फक्त पेपर काढायचे, तपासायचे आणि पदव्या द्यायच्या. पसारा मात्र सिंधपासून धारवाडपर्यंत. १८८७ मध्ये राजकोटचा एक बुजरा मुलगा मॅट्रिकसाठी अहमदाबादच्या केंद्रावर गेला आणि जेमतेम चाळीसेक टक्के मिळवून पास झाला, ती परीक्षा याच विद्यापीठाची. मुलाचं नाव मोहनदास गांधी. ज्यांना चाळीसच्या आसपास पडलेत त्यांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही.

बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली १८६२ मध्ये. पदवीधर किती? चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यातले भांडारकर आपल्या मालवणात जन्मलेले. रत्नागिरीत शाळा करून १८५३ मध्ये ते मुंबईला शिकायला गेले. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. आपल्याकडे कोकणात ती यायला पुढं जवळजवळ दीडशे वर्षं लागली! शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी त्यांची ‘मार्गोपदेशिका’ चाळली असेल. हेच भांडारकर १८९३ मध्ये या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या आधी काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते, ते पहिले भारतीय कुलगुरू.

रानड्यांची एक गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. विद्यार्थी असताना त्यांनी निबंधात इंग्रजी अमलापेक्षा मराठ्यांचं राज्य उजवं ठरवलं. एल्फिन्स्टनचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या हुशार पोरावर लोभ होता. तरीही त्यांनी सहा महिने त्याची शिष्यवृत्ती थांबवली. पुढे हाच पोरगा विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, म्हणजे कारभारी मंडळात, जाऊन बसला. मराठीसारख्या देशी भाषांना वरच्या परीक्षांत जागा नव्हती. ती मिळावी म्हणून हायकोर्टाचे न्यायमूर्ती असलेले रानडे आयुष्याच्या शेवटापर्यंत तिथे भांडत राहिले. विसाव्या शतकाच्या तोंडावर एम.ए.ला मराठीचा शिरकाव झाला. तुमच्यापैकी जे मराठी घेऊन एम.ए.ला जातील, त्यांच्या पेपरामागे हे भांडण आहे.

आपण कोकणातली माणसं गाऱ्हाणं घालण्यात पटाईत. पण विद्यापीठाबद्दलचं आपलं गाऱ्हाणं चहाच्या टपरीवर सुरू होतं आणि तिथंच संपतं. मला ओढ आहे ती ज्यांनी ते थेट फोर्टात, विद्यापीठाच्या दारात नेलं त्यांची. मुलींचंच घ्या. पहिली पंचवीसेक वर्षं त्यांना परीक्षेला बसायचीच सोय नव्हती. १८८३ मध्ये नियम बदलले. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात बी.ए. झाली, या विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर. इंग्लंडला जाण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती तिच्या हक्काची होती. मुलगी म्हणून नाकारली गेली. तिकडच्या हितचिंतकांनी वर्गणी काढली, ती ऑक्सफर्डला गेली आणि तिथे कायद्याच्या परीक्षेला बसणारी पहिली स्त्री ठरली.

विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल, निदान कुणाच्या तरी रीलमध्ये. २८० फूट उंच. पैसा शेअर बाजाराचा! अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं जात होता, तेव्हा १८६४ मध्ये शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव मागितलं. पुढच्याच वर्षी ते युद्ध संपलं, बाजार कोसळला, प्रेमचंदशेठही बुडाले. विद्यापीठाला दिलेला पैसा तेवढा वाचला. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. तिथे गेलात तर मान उंच करून बघा, पश्चिम भारतातल्या नाना जातीजमातींच्या माणसांच्या मूर्ती त्यावर कोरल्या आहेत.

पण त्या दगडातल्या सगळ्या जातीजमातींना आत कारभारात जागा होती का? हा प्रश्न विचारला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. आंबडव्याच्या घराण्यातला, एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालेला हा विद्यार्थी. १९२४ मध्ये विद्यापीठ सुधारणा समितीपुढे त्यांनी लेखी म्हणणं मांडलं की नुसत्या परीक्षा घेणारं विद्यापीठ पुरेसं नाही. शिकवणं आणि संशोधन हे त्याचंच काम आहे. १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी मागासवर्गीयांना सिनेटमध्ये प्रतिनिधित्व मागितलं. त्यांची भाषणं छापील मिळतात, ग्रंथालयात मागा.

तोवर विद्यापीठ थोडंफार शिकवू लागलं होतं. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस या नगररचनाकारानं समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. १९२४ मध्ये तो हाती आला गोविंद सदाशिव घुर्यांच्या. जन्मगाव? पुन्हा मालवण! मी त्याच विभागात शिकले, त्यामुळे इथे थोडा पक्षपात समजून घ्या. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई ही घुर्यांची विद्यार्थी मंडळी. यातल्या देसायांनी मार्क्सच्या वाटेनं जात गुरूंपेक्षा अगदी वेगळी मांडणी केली. तरी ते त्याच विभागात शिकवत राहिले आणि पुढे विभागप्रमुखही झाले.

अगदी अलीकडचं एक. गुणपत्रिकेवर तुमच्या नावाबरोबर आईचं नाव असतं ना? १९९५ ते २००० या काळात कुलगुरू असलेल्या डॉ. स्नेहलता देशमुख यांनी ते आणलं. त्या लहान मुलांच्या शल्यचिकित्सक होत्या. बाळ जगात कोण आणतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

आणि एक कामाची गोष्ट, तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी. सिनेट आजही आहे, तिथे नोंदणीकृत पदवीधरांतून दहा जण निवडून जातात. पण पदवी मिळाली म्हणून मतदारयादीत नाव आपोआप येत नाही. वेगळा अर्ज भरावा लागतो. तो भरणारे फार थोडे, आपल्या जिल्ह्यातून तर विचारूच नका. नोंदणी सुरू होईल तेव्हा त्याची माहिती नोटीस बोर्डावर लावा, अशी प्राचार्य सरांना माझी विनंती आहे. विंगेत दशावतारवाली मुलं मेकअप करून कधीची ताटकळली आहेत.