आवाजाची चढाओढ



कामगार संघटनेच्या माणसाने रॉक संगीतावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेपुरते. जे काही वाचले ते पुढे वाचनालयात बसून. संगीतात आमचा अधिकार साध्या ऐकणाऱ्याचा आहे. परंतु ध्वनिमुद्रण हा जसा कलेचा विषय आहे तसाच तो श्रमाचा आणि बाजाराचाही आहे; आणि त्या दोहोंतच आमचे आयुष्य गेले आहे.

पहिली गोष्ट ही की, रॉक संगीत मोठ्या आवाजाचे असते हा त्याचा दोष नव्हे. १९७१ साली लेड झेपेलिन या इंग्लिश मंडळींची चौथी तबकडी निघाली. तिच्यातील 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्याचे ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याखालच्या दालनात मांडले होते. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून लोंबते सोडले. जॉन बॉनम यांचा एकेक ठोका त्या घरात घुमत वर चढला आणि फितीवर उतरला. तो ठोका आजही अंगावर येतो. कारण काय? त्याच्या मागेपुढे मोकळी जागा आहे. हळू आहे म्हणून मोठे मोठे वाटते.

पुढे १९८२ साली सीडी बाजारात आली. तबकडीवर आवाज वाढला की खाच रुंद होते, जागा खाते, सुई उडण्याची भीती असते. म्हणून खाच कापणाऱ्या कारागिराला बेताने वागावे लागे. सीडीत खाचेचा प्रश्नच उरला नाही. ध्वनीच्या लाटेचे सेकंदाला ४४,१०० वेळा माप घ्यायचे आणि ते आकड्यांत लिहून ठेवायचे. अगदी हळू आणि अगदी मोठा यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर तिच्यात मावते. म्हणजे नाजूक ते प्रचंड असा सारा पल्ला मोकळा झाला.

त्या पल्ल्याचे आम्ही माणसांनी काय केले? डिजिटल मापाला एक छत असते. सर्वांत मोठ्या आकड्यापलीकडे आकडा नाही. तेव्हा दुसऱ्यापेक्षा आपले गाणे मोठे वाजावे, तर एकच वाट उरते. लिमिटर नावाच्या साधनाने ठोक्यांची शिखरे दाबायची आणि बाकीचे सारे उचलून छताला नेऊन भिडवायचे. ड्रमचा ठोका असा दाबला की त्याची धार जाते. सगळेच मोठे झाल्यावर मोठे काहीच राहत नाही. ऐकणाऱ्याचे कान मात्र थकतात.

२००८ साली मेटॅलिका या अमेरिकन मंडळींचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम निघाला, तेव्हा हे चव्हाट्यावर आले. तीच गाणी 'गिटार हीरो' या खेळात कमी दाबलेल्या रूपात आली होती. रसिकांनी दोन्ही ताडून पाहिली आणि हजारोंनी सह्या करून पुन्हा मिश्रण करण्याची मागणी केली. शेवटचा हात फिरवणारे टेड जेन्सन यांनी सांगितले की, आपल्याकडे येण्यापूर्वीच ती गाणी पुरती दाबलेली होती. कारागिराला दिसत होते. पण निर्णय त्याच्या हाती नव्हता. कारखान्यातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

ही चढाओढ कोणी एकाच्या दुष्टपणाने चालली नव्हती. बाजारपेठेतील एका दुकानदाराने रात्री दहापर्यंत दुकान उघडे ठेवले की शेजाऱ्यालाही ठेवावे लागते. गिऱ्हाईक तेवढेच राहते, झोप मात्र साऱ्यांची जाते. एकट्याने थांबावे तर धंदा बुडण्याची भीती. यावर उपाय एकच, सर्वांना सारखा लागू होणारा नियम. अमेरिकेत दूरदर्शनवरच्या जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्याने वाजू नयेत, असा कायदा २०१० साली झाला. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, कानाला आवाज किती मोठा भासतो हे मोजण्याची रीत ठरवून दिली होती. आज स्पॉटिफाय, यूट्यूब यांसारख्या सेवा अतिमोठे गाणे आपणहून खाली आणतात. म्हणजे ठोके चिरडून मिळवलेली आघाडी तिथे फुकट जाते. तरीही दाबण्याची सवय सुटलेली नाही. जुन्या सवयी नियमापेक्षा चिवट असतात.

कोणी म्हणतात, एमपी३ने संगीत बिघडवले, आता अखंड प्रतीच्या फाइली घ्या. १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये सीडीच्या सुमारे एक-अकरांश माहिती उरते, हे खरे. परंतु जे मुळातच चिरडले आहे ते अखंड फाइलीत अखंडपणे चिरडलेलेच येणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे ते होईल.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य मुद्दा. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो अध्यक्ष असताना, ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. तबकडी रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सवर वाजू लागली आणि वादकाचे काम गेले. त्यांनी यंत्रे फोडा म्हटले नाही. यंत्राच्या कमाईत वाटा मागितला. डेक्का कंपनी १९४३ साली नमली, आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ मध्ये. तबकड्यांच्या विक्रीतून निधी उभा राहिला आणि त्यातून वादकांना जाहीर कार्यक्रमांचे काम मिळू लागले.

आज तोच प्रश्न नव्या वेषात आला आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला मोबदला जमा होत नाही. चार तरुण पोरे गिटार-ड्रम घेऊन उभी राहतात. त्यांना घुमणारे दालन, चांगला ध्वनिमुद्रक आणि दोन दिवसांचा सावकाश वेळ कोण देणार? ध्वनीचा दर्जा फाइलीच्या आकड्यांत नसतो. तो त्या दालनात, त्या वेळेत आणि त्या माणसाच्या मजुरीत असतो.

म्हणून श्रोतेहो, एवढेच करा. एकाच गाण्याच्या जुन्या आणि नव्या प्रती सारख्या आवाजात लावा आणि ठोका कुठे जिवंत आहे ते स्वतःच्या कानाने ठरवा. आणि जिथे जिवंत सापडेल, तिथे त्याची किंमत मोजायला मागे हटू नका.