हक्क मिळाला, हजेरी कोठे?



निवडणूक म्हटले की लोकसभा आणि विधानसभा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. त्या काळात चौकाचौकांत सभा होतात, घरोघरी वाद रंगतात. परंतु ज्या शाळेत मूल दिवसाचे पाच-सहा तास घालवते, त्या शाळेच्या कारभारासाठी प्रतिनिधी निवडण्याची वेळ आली की मंडप ओस पडतो. या उदासीनतेचे मोल किती जबर असते, हे न्यूयॉर्क शहराच्या अनुभवावरून ध्यानात येते.

त्या महानगरातील सर्व सरकारी शाळा एका मध्यवर्ती शिक्षण मंडळाच्या हाती होत्या. ब्रुकलिन भागातील ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या वस्तीतल्या कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन पालकांचे म्हणणे असे, की दूरच्या कचेरीला या मुलांची तळमळ नाही; शाळांचा कारभार वस्तीकडेच असावा. तेथे प्रायोगिक स्थानिक मंडळ स्थापन झाले. १९६८ मध्ये त्याने काही शिक्षकांना बाहेर पाठविण्याचा निर्णय घेताच शिक्षक संघटनेशी संघर्ष पेटला. त्या शरद ऋतूत तीन संप झाले आणि सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांचे शिक्षण खोळंबले. १९६९ मध्ये राज्याने विकेंद्रीकरणाचा कायदा केला. शहराचे विभाग पाडण्यात आले. पुढे त्यांची संख्या ३२ झाली. प्रत्येक विभागासाठी नऊ सदस्यांचे निर्वाचित मंडळ आले. प्राथमिक व माध्यमिकपूर्व शाळांची देखरेख आणि विभागाच्या अधीक्षकाची निवड त्याच्याकडे सोपविली गेली. ज्या पालकांना अमेरिकेचे नागरिकत्व नव्हते, त्यांनाही या निवडणुकीत मताधिकार मिळाला.

एवढ्या झुंजीनंतर मिळालेला हा अधिकार. पण १९७० च्या पहिल्याच निवडणुकीत जेमतेम पंधरा टक्क्यांच्या आसपास मतदान झाले. नव्वदच्या दशकात ते पाच टक्क्यांच्या घरात उतरले.

असे का व्हावे? या निवडणुका सार्वत्रिक निवडणुकांपासून वेगळ्या दिवशी होत, त्यामुळे त्यांची वार्ताच अनेकांच्या कानी जात नसे. मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीक्रम द्यावा लागे. ती पद्धत सामान्य मतदाराला किचकट वाटे. उमेदवार कोण, त्याचे विचार काय, याची माहिती सहजी मिळत नसे. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ‘माझ्या एका मताने काय होणार?’ ही वृत्ती.

या वृत्तीतला विरोधाभास लक्षात घ्यावा. शंभरांपैकी साठ जण मतदानाला गेले तर विजयासाठी एकतीस मते लागतात. पाचच जण गेले तर तीन मते पुरतात. म्हणजे मतदान जितके कमी, तितके प्रत्येक मत वजनदार. हे गणित सामान्य पालकाने ओळखले नाही. राजकीय गटांनी आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी मात्र अचूक ओळखले. अनेक मंडळांवर त्यांचे वर्चस्व बसले आणि काही ठिकाणी नेमणुकांत वशिलेबाजी व भ्रष्टाचार शिरला. सर्वच मंडळे अशी नव्हती. ईस्ट हार्लेममधील चौथ्या विभागाने वेगळ्या धर्तीच्या छोट्या शाळा काढून नाव मिळविले. परंतु लोकांचे पाठबळ नसलेल्या संस्थेच्या बचावाला कोण उभे राहणार? १९९६ मध्ये मंडळांचे महत्त्वाचे अधिकार काढून घेतले गेले. २००२ मध्ये नव्या कायद्याने शाळांचे नियंत्रण महापौरांकडे गेले आणि निर्वाचित मंडळे रद्द होण्याचा मार्ग मोकळा झाला. तेहतीस वर्षांपूर्वी संघर्ष करून मिळविलेला अधिकार गेला, आणि बहुसंख्य पालकांना त्याची खंतही वाटली नाही.

महाराष्ट्राने या कथेकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये. १९११ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार नगरपालिका व जिल्हा मंडळांना द्यावा, अशीच त्यांची योजना होती. १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. शाळेची जबाबदारी स्थानिक समाजाने उचलावी, हा विचार मात्र टिकून राहिला.

आज तो विचार कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने, खासगी विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असा दंडक आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कामे होत. पण अनेकदा पालकसभेची सूचना येते, कामाच्या वेळी सभा होते, चार माणसे जमतात आणि आधीच ठरलेली नावे ‘एकमताने’ जाहीर होतात.

खासगी शाळेत मुले पाठविणाऱ्या मध्यमवर्गानेही स्वतःला या प्रश्नाबाहेर समजू नये. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे शाळेला शुल्काचा प्रस्ताव ठेवावा लागतो. शुल्क वाढले म्हणून वर्षभर कुरकुर करणारे पालक या समितीसाठी नाव देण्यास मात्र कचरतात. रिकामी खुर्ची फार काळ रिकामी राहत नाही. तिच्यावर कोणी ना कोणी बसतेच, आणि बसणाऱ्याला मुलांचे हित ठाऊक असेलच असे नाही.

उपाय अवघड नाहीत. सभेची तारीख वस्तीतील प्रत्येक घरी पोहोचवावी. रोजंदारीवर जाणाऱ्या माता-पित्यांना येता येईल अशी संध्याकाळची वेळ मागून घ्यावी. सभेत विकास आराखड्याची प्रत मागावी, गेल्या वर्षीच्या खर्चाचा हिशेब विचारावा. चांगल्या, निःस्पृह पालकाला उभे राहण्याचा आग्रह करावा आणि त्याला निवडून दिल्यावर एकटे सोडू नये. सामाजिक कार्यकर्त्याला यासाठी पद लागत नाही, निधी लागत नाही. दहा घरांशी नित्य संपर्क पुरतो.

न्यूयॉर्कमधील पालकांचा अधिकार कायद्याने काढून घेतला, हे खरे. परंतु त्याआधी कित्येक वर्षे तो वापराविना गंजत पडला होता. इथल्या गावागावांतील समित्यांची तीच गत होऊ द्यायची की नाही, याचा निर्णय शाळेच्या येत्या पालकसभेत किती जण उपस्थित राहतात, यावरून होणार आहे.